तरंगायचं असेल तर: झिरो ग्रॅव्हिटीचा खर्च, कागदपत्रं आणि स्लॅबवरची बाटली

२०२२ चा गुढीपाडवा आठवते का, २ एप्रिल, संध्याकाळी आख्खं विदर्भ अंगणात येऊन वर पाहत होतं, आभाळातून आगीच्या रेघा सरकत चालल्या होत्या. कोणी म्हणे विमान पेटलं, कोणी म्हणे तारा तुटला, आमची आई तर हात जोडून उभी. मागून बातमी आली की चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं मोठं कडं पडलं, दहाएक फूट रुंद, आणि आजूबाजूला गोळे सापडले, रॉकेटचे तुकडे होते ते. माझी भाची तेव्हा चौथीत होती. त्या रात्री तिनं मला विचारलं, "मामा, तिथं वरतं जाऊन तरंगाले किती पैसे लागते?"

मी पांढरकवड्याच्या इकडे सेतू केंद्र चालवतो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, पासपोर्टचे फॉर्म, दिवसभर हेच. कोणतीही योजना आली की मी चार गोष्टी पाहतो, कोण पात्र, कागद कोणते, फी किती, पैसे कुठं भरायचे. भाचीच्या प्रश्नाचंही तसंच केलं आणि चार वर्षांत जे जमा झालं ते इथं लिहून ठेवतोय. मी स्वतः अजून गेलो नाही. पण कोणाला खरंच जायचं असेल तर त्याला उगाच भटकावं लागू नये.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढा, नाहीतर पैसे चुकीच्या जागी जातील. वर गेलं की गुरुत्वाकर्षण संपते आणि म्हणून अंतराळवीर तरंगतात, असं आपल्याला शाळेपासून वाटत आलंय. स्पेस स्टेशन जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटरवर आहे आणि तिथं गुरुत्वाकर्षण इथल्या ९० टक्के शिल्लक असते. तरी ते लोक तरंगतात, कारण ते सतत पडत असतात. स्टेशन पण पडते, आतला माणूस पण पडते, दोघांचा वेग एकच, आणि आडवा वेग इतका की पृथ्वीची गोलाई खाली वाकत जाते आणि जमीन काही हाती लागत नाही. म्हणजे तरंगणं म्हणजे पडणंच. एवढं डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे, कारण मग कोणतंही तिकीट पाहिलं की एकच विचारायचं, याच्यात मला किती सेकंद पडायला मिळेल?

आणि पाऊण सेकंद तर घरीच फुकट मिळते. एक लिटरची बाटली घ्या, बुडापासून दोन बोटं वर दाभणानं छिद्र पाडा, तेच दाभण, कापसाची पोती शिवायचं. बोटानं छिद्र दाबून पाणी भरा, झाकण काढूनच ठेवा. स्लॅबवर जा, बोट काढा, पाण्याची धार लागेल. आता बाटली सरळ सोडून द्या, ढकलायची नाही, फिरवायची नाही, नुसती सोडायची, आणि खाली उभ्या माणसानं मोबाईलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढायचा. आम्ही काढला तेव्हा भाचीनं तो बोटानं एकेक फ्रेम सरकवत पाहिला. हातात होती तोवर धार, हात सुटला की धार बंद, छिद्रापाशी पाण्याचा टपोरा मणी तसाच थांबलेला, आणि बाटली फरशीवर आपटली की सगळं पाणी भसकन बाहेर. दहा फुटांवरून पडायला पाऊण सेकंदापेक्षा किंचित जास्त लागते, तेवढा वेळ त्या बाटलीत पाण्याला वजन नव्हतं. तिनं मला विचारलं, "मंग विमानात पण असंच?" होय, असंच, फक्त बाटलीच्या जागी विमान आणि पाण्याच्या जागी आपण. खाली लेकरं उभी नाहीत ना ते मात्र पाहून घ्या.

आता काही गोष्टी अशा आहेत की त्या तरंगण्याच्या नावानं खपतात पण तसं काही नसते. उभ्या वाऱ्याच्या बोगद्यात उडवतात, हैदराबादला आहे तसा, आमच्याकडून हायवे सरळ तिकडेच जातो त्यामुळे लय लोक विचारतात. मजा येते, पण तिथं तुमचं वजन वाऱ्यानं पेललेलं असते, पोटाला हवेचा दाब लागत राहतो, ते वजनरहित नव्हे. विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो तेव्हाचं तरंगणं पण वेगळं, पाण्यात शरीर पेललं जाते पण कानाच्या आत जो तोल सांभाळणारा भाग असतो त्याला खालची बाजू कळतच राहते. अंतराळवीर अमेरिकेत ह्यूस्टनला पाण्याच्या मोठ्या टाकीत सराव करतात तो कामाचा सराव म्हणून, बाहेर स्टेशनवर हातपाय कसे चालवायचे त्याचा. फुग्यातून ३० किलोमीटर वर नेऊन काळं आभाळ दाखवायच्या सफरी पण जाहिरातीत दिसतात, त्यात नजारा मिळेल, तरंगणं एक सेकंदही नाही कारण फुगा पडत नाही. जत्रेतला आकाशपाळणा मात्र खाली येताना पोटात जो गोळा उठवतो ना, तो खरा नातेवाईक आहे, तिथं वजन थोडं कमी होते.

खरं तरंगायचं सगळ्यात जवळचं साधन म्हणजे पॅराबोलिक विमान. गोफणीतून सुटलेला दगड डोळ्यासमोर आणा. गोफण सुटली त्या क्षणापासून दगडावर फक्त गुरुत्वाकर्षण चालते, वर जाताना पण आणि खाली येताना पण, वर चढत असतानाही तो हिशेबानं पडतच असतो. पायलट विमानाला त्याच वाटेनं नेतो. फ्रान्समध्ये बोर्डोला नोव्हस्पेस नावाची कंपनी आहे, त्यांचं एअरबस ए३१० विमान साधारण ६,००० मीटरवर सरळ उडते, मग नाक वर करत ४५ अंशाच्या थोडं पुढं चढते, आणि मग पायलट इंजिनाचा जोर इतका कमी करतात की तो फक्त हवेचा अडथळा खोडण्यापुरता उरतो. तिथून साधारण २२ सेकंद विमान दगड होऊन जाते, साडेआठ हजार मीटरच्या आसपास टोक गाठून खाली वळते, आणि आतले लोक छताला, भिंतीला, एकमेकांना लागत तरंगत असतात. मग पुन्हा विमान सरळ करायचं, पुन्हा चढायचं.

यात एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही. २२ सेकंदांच्या अलीकडे आणि पलीकडे वीसेक सेकंद वजन जवळपास दुप्पट होते, १.८ पट. साठ किलोचा माणूस एकशे आठ किलोचा होतो, म्हणजे अंगावर डीएपीचं पोतं टाकल्यासारखं, तेही प्रत्येक फेरीला दोनदा. लोक आजारी पडतात ते जास्त करून याच अदलाबदलीनं. नासाच्या अशा विमानाचं टोपणनावच उलटीचं विमान पडलं होतं, त्यात काही लपवायसारखं नाही.

पैसे देऊन जायच्या दोन मोठ्या जागा. अमेरिकेत झिरो ग्रॅव्हिटी कॉर्पोरेशन, त्यांचं बोईंग ७२७ आहे, जी-फोर्स वन, लास वेगास, फ्लोरिडा अशा वेगवेगळ्या शहरांतून उडते. १५ फेऱ्या, त्यातल्या सुरुवातीच्या दोन-तीन मंगळावर वाटेल तेवढं म्हणजे एक तृतीयांश आणि चंद्रावर वाटेल तेवढं म्हणजे एक षष्ठांश वजन राहील अशा, बाकी सगळ्या पूर्ण शून्याच्या. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग २००७ च्या एप्रिलमध्ये याच विमानात तरंगले होते, व्हीलचेअर सोडून, तो फोटो मी केंद्रात कॉम्प्युटरच्या मागं चिकटवलाय. तिकीट आजकाल नऊ-दहा हजार डॉलरच्या घरात. दुसरी जागा फ्रान्सची, नोव्हस्पेसच्याच विमानात साध्या प्रवाशांसाठी एअर झिरो जी नावानं उड्डाणं होतात, तिथं पण १५ फेऱ्या, तिकीट साधारण सात-साडेसात हजार युरो. अमेरिकेत आठ वर्षांच्या पोरालाही घेतात, फ्रान्सला १८ पूर्ण पाहिजे, त्यामुळे घरच्या लेकराला न्यायचं असेल तर हा प्रश्न तिथंच सुटतो. आपल्या देशात तिकीट काढून जाता येईल अशी सोय नाही, कोणी आहे म्हटलं तर खाली फसवणुकीचं लिहिलंय ते आधी वाचा.

हिशेब आपल्या भाषेत करू. डॉलर ९० रुपये धरला तर दहा हजार डॉलर म्हणजे नऊ लाख. १५ फेऱ्या (कमी वजनाच्या दोन-तीन पण यातच धरल्या) गुणिले २२ सेकंद म्हणजे ३३० सेकंद, म्हणजे एका सेकंदाला सत्तावीसशे रुपये. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल आहे, म्हणजे १११ क्विंटल कापूस, एकरी सहा-सात क्विंटल धरला तर सोळा ते साडेअठरा एकराचं आख्खं पीक, तेही खर्च वजा न करता. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण लिहायलाच पाहिजे, कारण शेतकऱ्याच्या पोरानं हा आकडा डोळे उघडे ठेवून पाहावा. विमानाचं जाणं-येणं, व्हिसा, दोन-चार दिवस राहणं धरून घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत अकरा-बारा लाख समजा.

रॉकेटचं काय? इथं माझ्या हिशेबानं मलाच चकित केलं. व्हर्जिन गॅलॅक्टिक या कंपनीनं २०२३ च्या जूनपासून पैसे घेऊन उड्डाणं केली आणि २०२४ च्या जूनमध्ये ते यान निवृत्त केलं, तिकीट साडेचार लाख डॉलरवरून सहा लाखांपर्यंत चढलं होतं. ब्लू ओरिजिन कंपनीचं न्यू शेपर्ड रॉकेट १०० किलोमीटरच्या वर न्यायचं (२०२६ च्या जानेवारीत कंपनीनं ही उड्डाणं थांबवली), सगळा प्रवास दहा-अकरा मिनिटांचा, आपला गोपी थोटाकुरा १९ मे २०२४ ला त्यातूनच जाऊन आला, तो पहिला भारतीय अंतराळ पर्यटक. दोन्हीत तरंगणं तीन-साडेतीन मिनिटं, समजा २०० सेकंद. सहा लाख डॉलर म्हणजे ५ कोटी ४० लाख, भागिले २०० म्हणजे सेकंदाला दोन लाख सत्तर हजार. विमानाच्या जवळपास शंभर पट! आणि तरंगायला मिळते विमानापेक्षा कमीच, जास्तीचं जे मिळते ते काळं आभाळ आणि पृथ्वीची गोलाई.

आणि ऑर्बिट, म्हणजे पृथ्वीभोवती फिरत राहणं? अमेरिकेचा डेनिस टिटो २००१ च्या एप्रिलमध्ये रशियाच्या सोयूझ यानानं गेला, स्वतःच्या पैशानं जाणारा पहिला, दोन कोटी डॉलरच्या आसपास मोजून. २०२२ ला ॲक्सिऑम या अमेरिकन खासगी कंपनीच्या पहिल्या मोहिमेत एका सीटचे साडेपाच कोटी डॉलर म्हणजे ४९५ कोटी रुपये लागले, आणि ते लोक १७ दिवस वर राहिले. १७ दिवसांचे सेकंद होतात १४ लाख ७० हजारांच्या आसपास, भागाकार केला तर सेकंदाला तेहतीसशे-चौतीसशे रुपये. म्हणजे सेकंदाच्या भावानं पाहिलं तर ऑर्बिट आणि विमान जवळपास एकाच भावात पडते, फक्त ऑर्बिटचा माल होलसेलच मिळतो, चौदा लाख सेकंद एकदम उचलावे लागतात. शुभांशु शुक्ला २५ जून २०२५ ला ॲक्सिऑम-४ मधून गेले तेव्हा आपल्या सरकारनं साडेपाचशे कोटींच्या आसपास खर्च केला, तो प्रशिक्षण वगैरे सगळं धरून.

एवढं महाग काहून, तर वेग. शंभर किलोमीटर वर उडी मारून परत यायला सेकंदाला एक किलोमीटरच्या आसपास वेग पुरतो, फिरत राहायला पावणेआठ किलोमीटर लागतो, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणजे साठ पट. म्हणून ज्याला फक्त तरंगायचंय त्यानं विमान धरावं असं माझं स्पष्ट मत आहे. रॉकेट त्यानं पाहावं ज्याला पृथ्वी वरून पाहायचीय आणि ज्याच्याकडे पाच-सहा कोटी जाऊन पण घर उभं राहते. जोखमीतही फरक आहे. विमान विमानांच्या नियमात तपासलं जाते, रॉकेटच्या प्रवाशाला मात्र अमेरिकेत कागदावर सही करावी लागते की धोका मला समजावून सांगितला आणि मी तो पत्करला. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये व्हर्जिनचं यान चाचणीत तुटून एक पायलट गेला, हे विसरू नका. आणि पैसे भरायच्या आधी त्या कंपनीची उड्डाणं सध्या चालू आहेत की थांबवलीत, ॲडव्हान्स परत मिळतो का, हे लेखी घ्या.

आता कागदपत्रं, माझा रोजचा धंदा. पासपोर्ट आजच काढायला टाका, मोठ्या माणसाची साधी फी १,५०० रुपये, लेकराची १,०००, लेकराचा पाच वर्षं किंवा १८ पूर्ण होईपर्यंत चालते. नागपूरला जायच्या आधी टीसी, आधार, जन्मदाखला एका ओळीत ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. माझ्या स्वतःच्या टीसीवर वडिलांचं नाव 'राव' लावून होतं आणि आधारवर 'राव' नव्हता, शाळेतल्या कोणीतरी चाळीस वर्षांमागं आदरानं लिहिलं असेल. दुसऱ्यांचे फॉर्म भरणारा मी, आणि माझ्याच फॉर्मला दीडशे किलोमीटरच्या तीन चकरा झाल्या, ॲफिडेव्हिट, दुरुस्ती, पुन्हा अपॉइंटमेंट, चार महिने गेले. आपल्याकडे दर दुसऱ्या घरात हे आहे. बाप गुलाब की गुलाबराव, आडनाव पुढं की मागं, हे आजच पाहून घ्या.

अमेरिकेच्या टुरिस्ट व्हिसाची फी १८५ डॉलर आणि मुलाखत मुंबईला, मोठ्या माणसाच्या शेंगेन व्हिसाची ९० युरो. मुलाखतीत काहून चालला विचारलं तर खरं तेच सांगा, तिकिटाची पावती दाखवा. पण व्हिसा हातात यायच्या आधी पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका, तारीख बदलता येईल असंच घ्या.

पैसे पाठवायचा नियम वेगळा आहे आणि तो रॉकेटवाल्यांना आडवा येतो. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात. विमानाचं तिकीट त्यात आरामात बसते, सहा लाख डॉलरचं तिकीट बसत नाही, ते तीन वर्षांत वाटून भरा नाहीतर वेगळी परवानगी काढा. टीसीएस, म्हणजे बँक आधीच कापून घेते तो कर, तो पण कापला जाऊ शकतो, त्याचा टक्का बजेटमध्ये बदलत राहतो म्हणून बँकेत विचारा, आणि कापला तर पावती जपून ठेवा, रिटर्न भरताना तो वळता होतो.

फसवणुकीचं. शेजारच्या तालुक्यातला एक पोरगा माझ्याकडे आला होता, भारतातच झिरो ग्रॅव्हिटी टूर, बुकिंगला फक्त २५ हजार, अशी जाहिरात पाहून त्यानं यूपीआयवर पैसे टाकले आणि दुसऱ्या दिवशी पेज गायब. त्याच्या बापानं तुरीचे पैसे आले म्हणून खात्यात ठेवले होते ते. आम्ही १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला, तक्रार नोंदवली, पण तोवर तीन दिवस उलटले होते. तुमच्यासोबत झालं तर तासाभरात १९३० लावा, लाजू नका. आणि विमान कोणतं, विमानतळ कोणतं, किती फेऱ्या, हे तीन प्रश्न विचारून पाहा, खोटा माणूस तिथंच अडकते.

बचतीचं सांगतो. पोस्टाच्या आरडीत महिन्याला ५,००० टाकले तर आजच्या ६.७ टक्क्यानं पाच वर्षांत साडेतीन लाखांच्या थोडं वर होतात, पुढं पाच वर्षं वाढवली तर साडेआठ लाखांच्या आसपास. पण तिकीट पण बसून राहत नाही. २००४ ला अमेरिकेतलं हेच उड्डाण सुरू झालं तेव्हा तिकीट तीन हजार डॉलरच्या आसपास होतं, डॉलरही तेव्हा आजच्या निम्म्याच भावात होता. म्हणून दर वर्षी हप्ता थोडा वाढवत न्या.

आणि शाळेतल्या पोरांसाठी एक दार फुकट उघडं आहे, इस्रोचा युविका कार्यक्रम, नववीतल्या विद्यार्थ्यांसाठी. तिथं तरंगवत नाहीत, पण इस्रोच्या केंद्रात नेऊन शिकवतात, जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च तेच करतात. आठवीचे मार्क धरतात, आणि पंचायतीच्या हद्दीतल्या शाळेत शिकणाऱ्या पोरांना वेगळे गुण मिळतात, म्हणजे आपली गावची शाळा इथं उपयोगी पडते. वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत इस्रोच्या वेबसाइटवर नजर ठेवा, सेतू केंद्रवाल्याला सांगून ठेवा.

शेवटी, जायचा दिवस. कंपनीवाले आणि जाऊन आलेले लोक एकच सांगतात. रात्री झोप पूर्ण घ्या, दारू नाही, सकाळी हलकं खा, उपाशी जाऊ नका, तेलकट-तिखट बिलकुल नको, आपलं सावजी जेवण परत आल्यावर. रक्तदाब, हृदय, मान-पाठीचं दुखणं, दिवस गेलेले असतील तर आधी डॉक्टरांना आणि कंपनीला सांगा. मळमळीची गोळी घ्यायची की नाही ते पण डॉक्टरच ठरवतील. वजन वाढते तेव्हा फरशीवर उताणं पडा, छतावरचा एक ठिपका धरून ठेवा, डोकं डावीउजवीकडे फिरवू नका, निम्मी उलटी तिथंच टळते. वजन गेलं की उडी मारू नका, नुसतं बोटानं फरशीला ढकला, पहिल्या वेळी सगळे जोरात ढकलतात आणि छताला आपटतात. हातपाय पोहल्यासारखे मारून काही होत नाही, हवेत धरायला काही नसते, आणि शेजारच्याला लाथ लागते. इशारा आला की पाय लगेच खाली, कारण वजन एकदम दुप्पट होऊन येते आणि डोकं खाली असेल तर मान अवघडते. खिसे रिकामे ठेवा, चष्म्याला दोरी बांधा.

पंधरा फेऱ्यांतल्या पहिल्या चार-पाच नुसतं समजण्यात जातात, मधल्या कोलांट्या मारण्यात. अशा उड्डाणात कर्मचारी पाण्याचे थेंब हवेत सोडतात आणि लोक ते तोंडानं पकडतात. भाचीनं वहीत लिहून ठेवलंय की एक फेरी ती काहीच करणार नाही, फक्त तो थेंब पाहणार, तिच्या बाटलीच्या छिद्राशी पाऊण सेकंद थांबला होता तोच, इथं बावीस सेकंद.